उसना झगा

मराठीत म्हणतात, सगळी सोंगं आणता येतात, पण पैशाचं सोंग आणता येत नाही. बँकेच्या काऊंटरमागे वीस-बावीस वर्षं काढलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. खात्यात नसलेले पैसे असल्याच्या थाटात लिहिलेले चेक आम्ही नेहमी पाहतो, आणि ते परत करताना पुढच्या माणसाच्या चेहऱ्यावरचा आश्चर्याचा अभिनयही पाहतो. पण म्हणीच्या पहिल्या अर्ध्याकडे कुणी लक्ष देत नाही. सगळी सोंगं म्हणजे कोणकोणती? राजाचं येतं. आजारपणाचं तर सोमवारी सकाळी फारच झकास येतं. पण संताचं येतं का? आणि आणलंच, तर त्याला सोंग म्हणायचं की ढोंग?

हा प्रश्न मला ग्रंथात भेटलेला नाही. मी बी. कॉम.; तत्त्वज्ञानात आमची मजल 'येणे' आणि 'देणे' यांपलीकडे जात नाही. भेटला तो रोडपालीत, आमच्याच मजल्यावर, शेजारच्या वहिनींच्या स्वयंपाकघरात, शंकरपाळ्यांच्या परातीजवळ.

वहिनी वसईच्या, कॅथलिक. घरात त्यांच्या सासूबाई. त्यांना सगळी बिल्डिंग मावशी म्हणते. वसईच्या जुन्या बायकांचं ते लाल लुगडं त्या अजून नेसतात, आणि कळंबोलीच्या लोखंड बाजारातून सुटलेल्या ट्रकांनी उडवलेल्या धुरळ्यातही ते लाल कसं राहतं हे एक कोडंच आहे. तर १ नोव्हेंबर हा त्यांच्याकडे सर्व संतांचा सण. सर्व म्हणजे खरोखर सर्व. ज्यांची नावं यादीत आहेत ते, आणि जे मुकाट्याने चांगलं वागून निघून गेले, ज्यांची नोंद पृथ्वीवरच्या कुठल्याच खातेवहीत सापडणार नाही, तेही. नवव्या शतकापासून युरोपात हा दिवस १ नोव्हेंबरला पाळतात. दुसऱ्या दिवशी मृतांचं स्मरण. आदल्या रात्रीचं ते भोपळे-भुतांचं हॅलोवीन आता आपल्या मॉलमध्येही येऊन बसलंय. त्याला उत्तर म्हणून पुष्कळ ठिकाणी मुलांना भुतांऐवजी संत करतात. यात आपल्याला नवल वाटायचं कारण नाही. आषाढी आली की आपल्या शाळांतून निम्मा वर्ग विठोबा, निम्मा रखुमाई, आणि ज्याला दाढी चिकटवून घेणं सोसवतं तो तुकाराम होतोच की.

पण आपलं काम त्या मानाने सोपं. धोतर, टाळ, गंध, झालं. कॅथलिक संतांचं तसं नाही. प्रत्येकाची खूण ठरलेली, आणि ती बहुतेक वेळा त्याला ज्या वस्तूने मारलं तीच! संत लॉरेन्सला लोखंडी जाळीवर भाजलं, म्हणून त्याच्या हातात जाळी. त्यासाठी आमच्याकडची पापड भाजायची जाळी गेली. संत पीटरच्या हाती स्वर्गाच्या किल्ल्या; त्या पुठ्ठ्याच्या, वर चंदेरी कागद. संत लूसी म्हणजे तबकात दोन डोळे घेऊन उभी असलेली कुमारी. वहिनींनी दोन रव्याचे लाडू वळून मध्ये काळी मनुका बसवली. डोळे इतके उत्तम झाले की खुद्द लूसीने ते सकाळीच खाल्ले, आणि तिच्या आईला दुसरी जोडी वळून घ्यावी लागली. वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया, ज्यांना १५९७ साली जपानात नागासाकीला क्रुसावर चढवलं आणि १८६२ साली संतपद मिळालं, ते वहिनींना घरचे वाटतात. पण क्रूस आणि भाले सांभाळायला पोर जरा थोराड लागतं. मदर तेरेसा २०१६ साली संत झाल्या. पांढऱ्या साडीला निळी रिबीन शिवली की मदर तयार होत असल्यामुळे त्या एकाच कार्यक्रमात तीन-तीन निघतात.

ही हकिगत २०२४ची. एका मुलाने हट्ट धरला की मी कार्लो अक्युटिस होणार. हा इटलीतला मुलगा संगणकात रमणारा, २००६ साली पंधराव्या वर्षी गेला. वेश म्हणजे जीनची पँट आणि बूट. पोराचा हिशेब चोख होता : शिवणकाम नाही, दाढी नाही. पण वहिनी म्हणाल्या, "तो अजून संत नाही झाला रे." म्हणजे प्रकरण वर गेलेलं, पण मंजुरी यायची होती! ती पुढे ७ सप्टेंबर २०२५ला आली. मला मात्र कौतुक वाटलं ते आमच्या धंद्याच्या संताचं. संत मॅथ्यू, मूळचा जकात वसूल करणारा, बँकवाल्यांचा आणि हिशेबनिसांचा पालक. त्याचा वेश कुणीही मागितला नाही. हातात पैशाची पिशवी घेऊन संत दिसायचं, हे पोरांनाही अवघड वाटत असावं.

त्या वर्षी लक्ष्मीपूजन नेमकं १ नोव्हेंबरला आलं आणि मुलांचा कार्यक्रम रविवारी, ३ तारखेला, म्हणजे भाऊबीजेला ठरला. त्यामुळे दोन्ही घरांतल्या कढया एकदमच तापल्या. आमचा सोऱ्या तिकडे गेला, त्यांचं कातणं इकडे आलं. आमच्या करंजीला त्यांच्याकडे नेवरी म्हणतात, आणि सारण कुणाचं चांगलं यावर दोन्ही घरांत एकमेकांच्या पाठीमागे एकमत आहे. कुलकुल मी प्रथमच करताना पाहिले. कणकेची गोळी नव्या कंगव्याच्या दातांवर दाबायची आणि गुंडाळायची, की शिंपला तयार. शंकरपाळ्याच्या पोळीतून वहिनी संत पीटरच्या किल्ल्या कापत होत्या. तळताना किल्लीचे दात फुगतात, त्यामुळे त्या किल्लीने स्वर्गाचं सोडा, आमचं गोदरेजचं कपाटही उघडलं नसतं. पण खुसखुशीत होत्या. विकत आणलेलं एकही पाकीट नव्हतं. मी विचारलं तर वहिनी म्हणाल्या, "भाऊ, संत घरचे, मग खाऊ बाहेरचा कसा?"

आता माझा प्रश्न. आमच्या शाखेत एक सहकारी आहेत, स्पष्टवक्ते. स्पष्टवक्ते म्हणजे दुसऱ्याबद्दल. डब्याच्या वेळी मी त्यांना किल्ली दिली आणि हकिगत सांगितली. किल्ली चावत ते म्हणाले, "हे ढोंग आहे. आठवडाभर भांडायचं, बहिणीच्या झिंज्या उपटायच्या, आणि रविवारी डोक्याला सोनेरी कागद लावून हात जोडून उभं राहायचं. यापेक्षा भूत परवडलं. भूत निदान प्रामाणिक असतं."

मला हे पटलं नाही, आणि का पटलं नाही ते शोधायला दोन दिवस लागले. ढोंग आणि सोंग यांत फरक आहे. ढोंगी माणूस तुम्हाला फसवायला निघतो; सोंग घेणारा सांगूनसवरून निघतो. बहुरूपी दारात पोलीस होऊन उभा राहिला तर त्याला कुणी तक्रार नोंदवायला सांगत नाही. मात्र बहुरूप्यालाही त्या वेशाचं काही देणं लागतं. रामकृष्ण परमहंस एक गोष्ट सांगत. एक बहुरूपी साधू होऊन आला. बाबूलोकांनी खूश होऊन रुपये पुढे केले, तर गडी तोंड फिरवून चालता झाला. मग हातपाय धुऊन साध्या कपड्यांत परत आला आणि म्हणाला, आता द्या. साधूच्या वेशात पैसे घेणं शोभलं नसतं. या माणसाला नोकरी द्यावी अशी माझी शिफारस आहे. पैशाला हात लावायच्या वेळी आपण कोणत्या कपड्यांत आहोत याची आठवण राहणारी माणसं कुठल्याही शाखेत मोजकीच असतात.

आणि कधी सोंगच माणसाला गिळतं. जेनेसियस नावाचा रोममधला एक नट. सम्राट डायोक्लिशनसमोर तो ख्रिस्ती लोकांच्या बाप्तिस्म्याची टिंगल करणारं सोंग वठवत होता आणि वठवता वठवता खरंच ख्रिस्ती झाला, त्यापायी जीवही गेला, अशी कथा आहे. आज तो नटांचा पालक संत. इतकं दूर कशाला, काऊंटरवर 'ग्राहकांशी हसतमुखाने बोला' असा हुकूम आला तेव्हा आम्ही सगळे दात दाखवण्याचं सोंगच करत होतो. दोन आठवड्यांनी एक पेन्शनर आजोबा उलट हसले, आणि त्या दिवसाचं माझं हसणं कुणाच्या खात्यावर टाकायचं ते मला ठरवता येईना.

सहकाऱ्यांना हे ऐकवलं. ते म्हणाले, "ठीक. पण ते लुगडं आजीचं, जाळी तुमची, लाडू आईचे. पोराचं स्वतःचं काय? उसन्या कपड्यात उसनं पुण्य!"

हा मुद्दा बँकेच्या माणसाला लागतो, कारण आमचं सगळं आयुष्य दुसऱ्याच्या पैशांत जातं. पण उसन्यावर सुरुवात केलेले संत थोडे नाहीत. असिसीचा फ्रान्सिस घ्या. बाप कापडाचा व्यापारी. मोडकं देऊळ दुरुस्त करायला मुलाने बापाच्या दुकानातलं कापड विकलं. बापाने त्याला बिशपपुढे उभं केलं, आणि बिशप म्हणाले, पैसे परत कर. फ्रान्सिसने पैसे तर दिलेच, अंगावरचे कपडेही उतरवून दिले, कारण तेही बापाचेच होते! आमचे मंगळवेढ्याचे दामाजीपंत त्याच जातकुळीतले. दुष्काळात कोठारं उघडून धान्य लोकांना वाटलं, पण कोठारं बिदरच्या बादशहाची. शेवटी विठोबा विठू महाराचा वेश घेऊन दरबारात गेला, रक्कम भरली आणि पावती घेतली. कथेत देवाने पावती घेतली याचा मला फार आनंद होतो. आणि तो गेला तोही सोंग घेऊनच, हे सहकाऱ्यांच्या लक्षात आणून दिलं. हिशेबाने सगळ्यांत स्वच्छ आमचे तुकोबा. लोकांकडून येणं असलेल्या कर्जाचे कागद इंद्रायणीत बुडवायचे ठरवले, तेव्हा आधी धाकट्या भावाच्या, कान्होबाच्या, वाट्याचे निम्मे त्याला काढून दिले आणि फक्त आपले निम्मे बुडवले. असा हिशेबनीस पुन्हा होणे नाही. बँकेला मात्र परवडला नसता.

निम्म्यावरून आठवलं. वहिनींच्या मुलाला संत मार्टिन व्हायचं होतं. हा रोमन सैन्यातला शिपाई. हिवाळ्यात आमियाँ गावाच्या वेशीवर त्याला उघडावाघडा भिकारी भेटला. मार्टिनने तलवारीने आपला झगा मधोमध कापला आणि अर्धा त्याला दिला. अर्ध्या झग्यातला शिपाई पाहून बघ्यांतले काही हसले, असंही लिहून ठेवलेलं आहे. इंग्रजीतला 'चॅपल' हा शब्दही याच झग्यावरून आला. मावशींनी आपलं एक जुनं लाल लुगडं काढून झगा शिवला, तोही असा, की मधोमध टिचबटणं. पुठ्ठ्याची तलवार लागली की टिच्‌टिच्‌ करत दोन तुकडे व्हावेत.

राहिला भिकारी. तयारी करणाऱ्या बायकांपैकी कुणीतरी सहज म्हणालं, "वॉचमनचा मुलगा घ्या. त्याला वेश करावा लागणार नाही."

वाईट हेतूने नव्हे. सोय म्हणून. मी तिथेच जाळी परत न्यायला उभा होतो, आणि सगळे संत हारीने उभे असताना ते वाक्य फरशीवर पडलं. मावशी काही बोलल्या नाहीत, झग्याचं शेवटचं बटण लावत राहिल्या.

रविवारी वॉचमनचा मुलगा वर आला. कुटुंब परभणीकडचं. मुलगा नाटकात आहे म्हटल्यावर आईने त्याला दिवाळीचा नवा कोरा शर्ट घातला होता, केसांना तेल, भांग पाडलेला, गालावर पावडर, कपाळावर भाऊबीजेचं कुंकू. जमलेल्या सगळ्या मुलांत तोच स्वच्छ दिसत होता. भिकाऱ्यासाठी शर्ट काढ म्हटल्यावर त्याने शर्टाचं वरचं बटण मुठीत धरलं आणि मान हलवली. बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. तेव्हा मावशी उठल्या, नातवाच्या अंगातून झगा काढला, त्याला गंजिफ्रॉकवर उभा केला आणि झगा वॉचमनच्या पोराला घातला. नातू चिडला. "आजी, मी मार्टिन आहे!" मावशी म्हणाल्या, "मार्टिनने अर्धा दिला होता. तू आज सगळा दे."

कार्यक्रमाला मीही गेलो. नोव्हेंबर असला तरी रोडपालीची हवा, पंख्याखालीही घाम. मदर तेरेसांना तहान लागली होती आणि लूसीच्या तबकात पुन्हा एकच डोळा उरला होता. मार्टिन डौलात आला. भिकारी खाली बसून अंमळ रागातच हात पुढे करत होता. तलवार लागली, टिच्‌टिच्‌ झालं, एक भाग सुटला, तो भिकाऱ्याला मिळाला. टाळ्या. इथे थांबायचं होतं. पण मार्टिनने क्षणभर विचार केला आणि उरलेला अर्धाही काढून त्याच्या अंगावर टाकला.

"अर्धाच, अर्धाच!" बाजूने वहिनी कुजबुजल्या.

"घे की सगळंच," मार्टिन मोठ्याने म्हणाला. "मला उकडायलंय."

हसण्याचा कल्लोळ उठला. आम्ही सगळेच हसलो. भिकारी तेवढा हसला नाही. दोन्ही तुकडे पोटाशी धरून तो नव्या शर्टातल्या मार्टिनकडे बघत होता, आणि मग स्टेजवरून उतरताना, कुणी सांगितलं नसताना, आपल्या वाटणीच्या शंकरपाळ्याच्या किल्ल्या काढून त्याने त्याच्यापुढे धरल्या. मार्टिनने त्यातली मोठी घेतली.

सोमवारी सहकाऱ्यांना सांगितलं. त्यांनी बराच वेळ डब्याचं झाकण लावलं, काढलं. मग म्हणाले, "उकडत होतं म्हणून दिलं, ते दान धरायचं नाही." आणि थोड्या वेळाने, "किल्ल्या उरल्यात का हो अजून?"