उत्तर न मिळालेलं दुःख

‘द क्युअर’ या इंग्लिश बँडचा ‘साँग्ज ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड’ हा अल्बम १ नोव्हेंबर २०२४ ला आला, आधीच्या अल्बमनंतर १६ वर्षांनी. गाणी आठच. गायक-गीतकार रॉबर्ट स्मिथ तेव्हा ६५ वर्षांचा होता. मधल्या काळात त्याचे आईवडील गेले, थोरला भाऊ रिचर्ड गेला. सहावं गाणं, ‘आय कॅन नेव्हर से गुडबाय’, त्या भावाचं आहे. सुरुवातीला ढगांचा गडगडाट, मग पियानोवर चार-दोन स्वर पुन्हा पुन्हा येत राहतात. त्या स्वरांना कुठे पोचायचंच नाही, असं वाटतं.

माझा भाऊ गेला तेव्हा दहाव्याला गोदाकाठी गुरुजींनी गीतेचा दुसरा अध्याय सांगितला. आत्मा मरत नाही, मग शोक कशाचा? मी गीता मानते. तरीही वाटलं, मला आत्मा नको होता. सायकलची चेन बसवताना शिट्टी वाजवणारा माणूस हवा होता, आणि तो अमर नव्हता.

स्मिथ कॅथलिक घरात वाढला. ऐन विशीत, १९८१ मध्ये, त्याने ‘फेथ’ नावाचा अल्बम केला. श्रद्धा असावी असं वाटतं पण ती सापडत नाही, ही त्यातली तगमग. चार दशकांनंतरही त्याला ती सापडलेली नाही, आणि सापडल्याचा आव तो आणत नाही. भाऊ पुन्हा भेटेल असं तो कुठेही गात नाही. याला काही जण नास्तिकाचं वैराण दुःख म्हणतील. मला त्यात निष्ठा दिसते: हा माणूस एकदाच होता, त्याच्या जागी कुठलंही तत्त्व ठेवता येत नाही.

आणि श्रद्धेने तरी शोक कुठे संपतो? ज्ञानेश्वरांच्या समाधीचं वर्णन करताना नामदेव निवृत्तिनाथांचा आक्रोश सांगतात. निवृत्तिनाथ थोरला भाऊ, शिवाय गुरू. आत्म्याचं ज्ञान त्यांनीच धाकट्याला दिलेलं. आळंदीत ते ज्ञान होतं आणि रडणंही होतं. एकाने दुसऱ्याला खोटं ठरवलं नाही.

आपल्याकडे दहावा, तेरावा, वर्षश्राद्ध अशी शोकाला मुदत असते. तिची गरज मी जाणते. तिच्यामुळेच मी पुन्हा स्वयंपाकघरात उभी राहिले. पण स्मिथच्या शोकाला अशी मुदत नाही. भावाचं ते गाणं त्याने २०२२ पासूनच मैफिलींत गायला घेतलं, अल्बम यायच्या दोन वर्षं आधी. श्राद्धात पिंड घ्यायला पितर येतात अशी आपली समजूत असते. त्याच्या लेखी पलीकडे घेणारं कोणी नाही. तरीही तो गातो. हे तर्पण नाही असं मी म्हणू शकत नाही.