सात दिवसांचा खाडा

२०२५च्या जानेवारीत मी मुलीकडे सॅक्रामेंटोला गेलो आणि सहा महिने राहिलो. नात तिथल्या एका सरकारी विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला होती. आठवड्यातून तीन दुपारी ती एका फूड बँकेत कामाला जायची. लांबलचक गोदाम, त्यात टेबलांच्या रांगा, दान म्हणून आलेली फळं, भाज्या आणि डबे निवडून कुटुंबागणिक पिशव्या भरायच्या. एकदा तिच्याबरोबर गेलो. संत्र्यांची जाळीची पिशवी ती न उघडता नुसती नाकाशी न्यायची आणि आत एखादं बुरसलेलं असलं तर बाजूला ठेवायची. तिच्या पणजीलाही कांद्याच्या चाळीत असंच वासावरून कळायचं.

काम संपल्यावर तिनं फोन काढला, आल्याची वेळ टाकली, निघाल्याची टाकली, मधली सुट्टी वजा केली. म्हणाली, "आजोबा, तीनशे बारा तास झाले. एकशे अडतीस राहिले."

ही कॅलिफोर्निया राज्याची 'कॉलेज कोर' नावाची योजना. २०२२ पासून चालू आहे. पदवीच्या विद्यार्थ्यानं वर्षभरात ४५० तास एखाद्या स्वयंसेवी संस्थेत काम करायचं. शाळकरी मुलांना शिकवणं, पर्यावरण किंवा अन्नवाटप, यांपैकी काहीही. त्याबदल्यात वर्षभर मिळून ७,००० डॉलर निर्वाहासाठी आणि तास पूर्ण झाले की ३,००० डॉलर शिक्षणासाठी. तिनं हे सांगितलं तेव्हा मला बरं वाटलं नाही. सेवा करायची आणि तिचे तास मोजून पैसे घ्यायचे, हे माझ्या पिढीच्या गळी उतरणं कठीण. रात्री पडल्या पडल्या विचार करत राहिलो आणि एक गोष्ट ध्यानात आली. तास तर आम्हीही मोजत होतो.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवलं आणि अकरा वर्षं राष्ट्रीय सेवा योजनेचा कार्यक्रम अधिकारी होतो. गांधीशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ला, ३७ विद्यापीठांत ही योजना सुरू झाली. वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४०, आणि दत्तक गावात सात दिवसांचं निवासी शिबिर. हजेरीपट, तासांचे तक्ते, विद्यापीठाकडे जाणारा अहवाल, सगळं माझ्या हातचं. या योजनेनं कित्येक मुलांना पहिल्यांदा घराबाहेर झोपायला, शंभर माणसांचा स्वयंपाक करायला, गावच्या सभेत उभं राहून बोलायला शिकवलं. तिच्याबद्दल माझ्या मनात आजही कृतज्ञता आहे.

एका वर्षी जानेवारीतल्या शिबिराच्या आधी एक मुलगा स्टाफरूमच्या दाराशी येऊन उभा राहिला. वर्षभराचे त्याचे तास सगळ्यांत जास्त होते. ऊस हंगामात तो पहाटे गुऱ्हाळावर चुलवणाला जळण घालायचं काम करायचा आणि तिथून वर्गात यायचा. त्याच्या बाहीला काकवीचा वास असायचा. म्हणाला, "सर, शिबिराला आलो तर सात दिवसांचा खाडा पडंल."

खाडा हा शब्द रोजावर जगणाऱ्या घरांतच कळतो. पगारी माणसाची रजा असते, रोजंदारीवाल्याचा खाडा. रजेतून माणूस ताजा होऊन परत येतो, खाड्यातून उधारी वाढते. मी त्याला म्हणालो, "सेवेत असा हिशोब बघायचा नसतो." तो "बरं सर" म्हणून गेला. शिबिर पूर्ण नाही म्हणून त्याला प्रमाणपत्र मिळालं नाही. तक्त्यावर सही माझीच होती.

त्याच महाविद्यालयात 'कमवा व शिका' योजनाही होती. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्याच्या मातीत हा विचार रुजवला, त्यावर माझ्यासारखे हजारो शिकले. त्या योजनेतली मुलं रोपांना आळी करायची, ग्रंथालयात पुस्तकं लावायची आणि तासाचे पैसे घ्यायची. सेवा योजनेतली मुलं तीच आळी श्रमदान म्हणून करायची. कुदळ एक, खड्डा एक, पण आम्ही दोन वेगळ्या वह्या ठेवल्या. एका वहीत कमाई, दुसरीत सेवा. पहिल्या वहीतली नावं दुसरीत फारशी का दिसत नाहीत, हा प्रश्न अकरा वर्षांत मला एकदाही पडला नाही. सेवेसाठी आधी मोकळा वेळ लागतो आणि मोकळा वेळ घरच्या ऐपतीतून येतो.

सेवा आणि निर्वाह यांची अशी फारकत आपल्याकडे पूर्वी नव्हती. फर्ग्युसनचे आजीव सदस्य ठरीव, बेताच्या वेतनावर वीस वर्षं शिकवण्याची प्रतिज्ञा करत. गोखल्यांनी १९०५ साली पुण्यात भारत सेवक समाज काढला तेव्हा सभासदांच्या घरखर्चाची सोयही त्यात पाहिली. देशाला वाहून घेणाऱ्याच्या घरी चूल पेटली पाहिजे, हे त्या पिढीला उघड दिसत होतं.

अमेरिकेतल्या या योजनांची मुळंही चुलीपाशीच जातात. १९३३ साली, महामंदीत, रूझवेल्टनी बेकार तरुणांची 'सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोर' उभी केली. मुलं रानात छावण्या टाकून राहायची, झाडं लावायची, मातीची धूप थांबवायची. पगार महिन्याला ३० डॉलर, त्यातले २५ बहुतेक मुलांच्या घरी परस्पर जायचे. नऊ वर्षांत सुमारे तीस लाख तरुण त्यातून गेले. घरी पैसे पोचत होते म्हणून घरच्यांनी पोरांना रानात धाडलं. मला हा व्यवहार फार माणुसकीचा वाटतो.

पुढे १९९३ साली क्लिंटन यांनी राष्ट्रीय सेवेच्या कायद्यावर सही केली आणि 'अमेरिकोर' सुरू झाली. निर्वाहापुरता भत्ता, आणि काम पुरं झालं की फी भरायला किंवा शैक्षणिक कर्ज फेडायला ठरावीक रक्कम, ही तिची रीत. तिच्यामागे जी माणसं होती त्यांत हॅरिस वॉफर्ड होते. १९४९ साली ते पत्नीसह भारतात आले, गांधींच्या मार्गाचा अभ्यास केला, परत जाऊन दोघांनी त्यावर पुस्तक लिहिलं. परदेशांत स्वयंसेवक पाठवणारी 'पीस कोर' उभारण्यात त्यांचा हात होता, पुढे राष्ट्रीय सेवेच्या यंत्रणेचे ते प्रमुख झाले. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या जयंतीची सुट्टी सेवेचा दिवस व्हावी म्हणून झालेला कायदाही त्यांचाच, आणि २०१९ साली नेमक्या त्याच दिवशी ते वारले. गांधींच्या वाटेनं आलेल्या या माणसाला सेवेजवळ भत्ता ठेवताना विटाळ वाटला नाही. आम्हाला वाटला.

नातीच्या टेबलावर तिच्यासमोर एक मुलगा असायचा. त्याचे आईवडील शेतमजूर. भत्ता मिळू लागल्यावर त्यानं बर्गरच्या दुकानातली रात्रपाळी सोडली होती. पिशव्या भरताना तो काही डबे वेगळे काढून ठेवायचा. मी नातीला कारण विचारलं. झाकणाला कडी असलेले, हातानं ओढून उघडणारे डबे तो गाडीत राहणाऱ्या कुटुंबांसाठी राखायचा, कारण त्यांच्याकडे डबा फोडायला हत्यार नसतं आणि शिजवायला चूलही नसते. सुकी कडधान्यं तो त्या पिशव्यांत घालायचाच नाही. हे त्याला कुठल्या प्रशिक्षणात सांगितलं नव्हतं. लहानपणी काही महिने तो स्वतः आईबरोबर गाडीत राहिला होता. माझी नात गुणी आहे, पण तिला हे सुचलं नसतं, मलाही नसतं. भत्ता नसता तर त्या टेबलाशी फक्त माझ्या नातीसारखी मुलं उभी राहिली असती.

यात एक धोका आहे आणि तो आपल्याला चांगला ठाऊक आहे. मानधन हा शब्द आपल्याकडे फार ताणला गेला. अंगणवाडी सेविका, आशा स्वयंसेविका वर्षानुवर्षं गावाचं आरोग्य अंगावर घेतात आणि नावात 'सेवा' आहे म्हणून त्यांना पगाराऐवजी मानधन मिळतं. अंगणवाडीच्या बायकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे सांगायला २०२२ साली सर्वोच्च न्यायालय लागलं. ज्याचं आयुष्य त्या कामात जातं त्याला पगारच दिला पाहिजे. शिकणाऱ्या मुलाच्या एका वर्षाला मानधन शोभतं. अमेरिकोरच्या नियमांत पगारी कर्मचाऱ्याला हटवून त्याच्या जागी स्वयंसेवक बसवायला मनाई आहे. असं कुंपण घातल्याशिवाय ही योजना कुठेच आणू नये.

आणि देणाऱ्याचा हात आखडला की काय होतं तेही मी तिथेच पाहिलं. एप्रिल २०२५मध्ये केंद्र सरकारनं अमेरिकोरची सुमारे ४० कोटी डॉलरची अनुदानं एकदम तोडली. आपत्तीच्या कामावर गेलेल्या तरुणांच्या तुकड्या मधूनच घरी पाठवल्या. राज्यं कोर्टात गेली आणि जूनमध्ये, खटला लढणाऱ्या राज्यांपुरता तरी, त्यांना दिलासा मिळाला. नातीची योजना मुख्यतः राज्याच्या पैशावर चालणारी म्हणून ती वाचली. पण त्या आठवड्यांत गोदामात मुलं दबक्या आवाजात एकमेकांना घरभाड्याचं विचारत होती.

परत आल्यावर जुने हजेरीपट काढले. गुऱ्हाळावरच्या त्या मुलाच्या नावापुढे माझ्याच अक्षरात सात फुल्या आहेत. त्या शिबिरात आम्ही दत्तक गावाच्या ओढ्यावर वनराई बंधारा घातला होता. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती भरून साठ मुलांनी चार दिवस राबून उभा केला. फोटो अजून आहेत, बंधाऱ्यावर बसलेली हसरी मुलं, आणि मागे ओढ्याचं पात्र, कोरडं. तो मुलगा त्याच ओढ्याच्या वरच्या अंगाच्या वाडीतला. पुढे बऱ्याच वर्षांनी एसटी स्टँडवर भेटला तेव्हा मी बंधाऱ्याची गोष्ट काढली. तो म्हणाला, "सर, तो ओढा डिसेंबरातच आटतो. दिवाळीला घालायला पाहिजे होता."