नट, सामग्री आणि श्रेय : '२००१'च्या निमित्ताने काही प्रश्न

कलाकृतीचे मूल्य आणि तिच्या निर्मितीप्रक्रियेतील न्याय-अन्याय यांचा परस्परांशी काही संबंध असतो का, हा प्रश्न साहित्याच्या संदर्भात फारसा तीव्रतेने उपस्थित होत नाही. कवी एकटा लिहितो. कवितेसाठी त्याने कोणाला वापरलेच असेल तर ते स्वतःला, फार तर आप्तस्वकीयांना. शब्द थकत नाहीत, गुदमरत नाहीत आणि त्यांचे नाव श्रेयनामावलीत घालावे लागत नाही. चित्रपटाचे तसे नाही. तेथे माध्यमच मुळी माणसांचे बनलेले असते. त्यामुळे 'माध्यमावरील प्रभुत्व' हा समीक्षेत गौरवाने वापरला जाणारा शब्दप्रयोग चित्रपटाला लावताना जरा अडखळावयास हवे. कारण येथे हे प्रभुत्व माणसांवरचे असते.

स्टॅन्ली क्युब्रिक यांचा '२००१ : अ स्पेस ओडिसी' (१९६८) हा चित्रपट या प्रश्नाच्या विचारासाठी विशेष उपयुक्त ठरतो. तो श्रेष्ठ आहे याविषयी आज फारसा वाद उरलेला नाही. पण त्याची निवड करण्यामागे दुसरेही कारण आहे. मोहिमेच्या यशासाठी माणसे खर्ची पडली तर चालेल काय, हा प्रश्न ज्या चित्रपटाच्या आशयाच्या केंद्रस्थानी आहे, त्याच्या निर्मितीच्या इतिहासातही तोच प्रश्न पुनःपुन्हा डोके वर काढतो.

भरताने अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे चार प्रकार मानले. ते वेगवेगळे सांगितले असले तरी रंगभूमीवरील नटाच्या ठायी ते एकवटलेले असतात. '२००१'मध्ये मात्र ते अक्षरशः वाटून दिलेले दिसतात. आरंभीच्या आदिमानवांच्या भागात केवळ आंगिक आणि आहार्य आहे. 'मूनवॉचर' या वानर-मानवाची भूमिका करणारे डॅन रिक्टर हे मूकाभिनयाचे कलावंत होते, आणि स्टुअर्ट फ्रीबॉर्न यांच्या रंगभूषेखाली त्यांचा मानवी चेहरा पूर्णपणे लोपला आहे. पहिली सुमारे पंचवीस मिनिटे चित्रपटात संवाद नाही. अंतराळवीरांच्या भूमिकांतील कीर डुले आणि गॅरी लॉकवुड यांना चेहरा आहे, वाणी आहे. पण सात्त्विकाला जागा जवळजवळ नाकारलेली आहे. वाढदिवसाच्या शुभेच्छा ऐकतानाही पूलच्या मुद्रेवर काही उमटत नाही. आणि हॅल ९००० या संगणकाच्या वाट्याला शुद्ध वाचिक येते. एक तांबडा डोळा आणि एक आवाज, एवढीच त्याची सारी सामग्री.

नवल असे की, चित्रपटातील सर्वांत करुण मरण या केवळ वाचिक पात्राचे आहे. मोहिमेवरील तीन शास्त्रज्ञ शीतनिद्रेत असतानाच मारले जातात, तेव्हा पडद्यावर फक्त काही रेषा सपाट होतात आणि सूचनाफलक लुकलुकतात. प्रेक्षक चरकतो, पण हळहळत नाही. हॅलची स्मृती एकेक पट्टीने काढून घेतली जात असताना मात्र त्याचा आवाज खाली खाली घसरत जातो आणि १८९२ सालचे 'डेझी बेल' हे गाणे म्हणू लागतो, तेव्हा त्याच प्रेक्षकाला गलबलून येते. वाचिकाच्या विवेचनात काकूला, म्हणजे स्वराच्या चढउताराने अर्थ पालटण्याच्या शक्तीला, महत्त्व दिले गेले आहे. हॅलच्या बोलण्यात काकू जवळजवळ नाही. विनवणी, धमकी, समजूत हे सारे एकाच पट्टीत येते. जेथे स्वर अजिबात ढळत नाही तेथे त्याचे किंचित ढळणेही केवढे होते, हे त्या अखेरच्या दृश्यात कळते.

हा आवाज डग्लस रेन यांचा. कॅनडातील स्ट्रॅटफर्ड महोत्सवाच्या संस्थापक नटांपैकी ते एक. शेक्सपिअरच्या भूमिकांत मुरलेले. 'युनिव्हर्स' (१९६०) या खगोलविषयक माहितीपटातील त्यांचे निवेदन क्युब्रिक यांना आवडले आणि '२००१'च्या निवेदनासाठी त्यांना बोलावले गेले. पुढे निवेदनच गळले. हॅलसाठी आधी मार्टिन बाल्सम या अमेरिकन नटाचा आवाज ध्वनिमुद्रित झाला होता. तो फार भावपूर्ण वाटल्याने बाजूला ठेवण्यात आला. चित्रीकरणाच्या वेळी डुले आणि लॉकवुड यांच्यासमोर हॅलची वाक्ये वाचणारी माणसे आणखी निराळी होती. रेन आले ते १९६७च्या अखेरीस, चित्रीकरण उरकल्यावर. सहनटांशी त्यांची गाठ पडली नाही. सुमारे दहा तासांत त्यांचे काम संपले. डुले ज्या आवाजाशी झुंजताना दिसतात तो आवाज त्यांनी झुंजताना ऐकलाच नव्हता, आणि ज्याला विनवले जात आहे त्याला रेन यांनी पाहिले नव्हते. दोन नटांमधला हा 'संवाद' त्या दोघांत कधी घडलाच नाही. तो घडला तो संकलनाच्या मेजावर.

मग या अभिनयाचा कर्ता कोण? क्युब्रिक यांचे चाहते तत्काळ उत्तर देतील की कर्ता दिग्दर्शक, आणि त्या उत्तरामागे एक प्रतिष्ठित परंपरा उभी आहे. दिदरोने अठराव्या शतकातच म्हटले होते की, जो स्वतः हेलावत नाही तोच नट प्रेक्षकाला हेलावू शकतो. गॉर्डन क्रेग यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी त्याहून पुढची मजल मारली. नटाचे शरीर लहरी, भावनावश, म्हणून कलेची सामग्री व्हायला अपात्र; त्याच्या जागी महाबाहुली हवी, असे त्यांचे प्रतिपादन होते. हॅल ही एका अर्थी क्रेगच्या स्वप्नाची पूर्ती आहे. पण पूर्ती करण्याची वेळ आली तेव्हा बाहुली चालली नाही, नटच लागला. आणि तोही साधा नव्हे, तर अनेक वर्षे रंगभूमीवर स्वर घोटलेला. यंत्राचा निर्विकारपणा यंत्राला वठवता येत नाही. तो विकारांवर ताबा मिळवलेल्या माणसालाच वठवता येतो. रेन यांना दृश्य दाखवले गेले नाही म्हणून तो आवाज इतका अलिप्त उमटला, असा युक्तिवाद केला जातो, आणि त्यात तथ्य नाही असे नाही. परंतु अज्ञानातून केवळ सपाटपणा आला असता. हॅलच्या स्वरात जो सौजन्याचा पातळ थर आहे, तो कोणत्याही दिग्दर्शकाला कात्रीने निर्माण करता येत नाही.

येथवर प्रश्न श्रेयाचा आहे. याहून गंभीर प्रसंग यानाबाहेरच्या दृश्यांच्या चित्रीकरणाचा. मायकेल बेन्सन यांनी या चित्रपटाच्या निर्मितीवर २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तो सविस्तर आला आहे. धाडसदृश्ये करणारे बिल वेस्टन तारेवर, खाली जाळी नसताना, काँक्रीटच्या जमिनीपासून बऱ्याच उंचीवर लोंबकळत होते. अंतराळवेषातील हवेची टाकी काही मिनिटेच पुरणारी होती आणि उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड बाहेर जाण्यास वाट नव्हती. हेल्मेटला मागून छिद्रे पाडावीत, ही विनंती क्युब्रिक यांनी दृश्याच्या विश्वसनीयतेसाठी मानली नाही. वेस्टन बेशुद्ध झाले. शुद्धीवर आल्यावर ते संतापून दिग्दर्शकाला शोधत निघाले, तोवर क्युब्रिक स्टुडिओतून निघून गेले होते. याच चित्रपटाच्या अंतराळातील दृश्यांत दीर्घकाळ श्वासाखेरीज दुसरा ध्वनी नाही. प्रेक्षक त्या श्वासाच्या लयीत गुंतून जातो. ती लय ज्या देहांवर आरोपित होते त्यांतील एक देह श्वासाला मोताद झाला होता, हे पडद्यावर कोठेच नाही.

मर्ढेकरांपासून मराठी समीक्षेने कलाकृतीच्या स्वायत्ततेचा जो आग्रह धरला आहे, त्यानुसार हे सारे चरित्राच्या खात्यात जमा होईल. लय, विरोध, समतोल यांचा शोध दृश्यात घ्यायचा. दृश्य कसे मिळवले हे दृश्याचे अंग नव्हे. हा आग्रह टाकाऊ नाही. वेस्टन गुदमरले म्हणून ते दृश्य कुरूप ठरत नाही, आणि न गुदमरते तर अधिक सुंदर झाले असते असेही नाही. परंतु स्वायत्ततेचा सिद्धांत कलाकृतीच्या मूल्यमापनापुरता आहे. कलावंताच्या वर्तनाला अभय देण्यासाठी तो मांडला गेला नव्हता. 'दृश्य सुंदर आहे' या विधानातून 'म्हणून ते तसे मिळवणे योग्य होते' हे विधान निघत नाही. या दोहोंतील अंतर समीक्षक नजरचुकीने ओलांडतात, आणि प्रतिभावंताविषयीचा आदर त्यांना ते ओलांडण्यास मदत करतो.

अ‍ॅलेक्स नॉर्थ यांच्या उदाहरणाने हे अंतर नेमके दाखवता येते. त्यांनी या चित्रपटासाठी अत्यंत थोड्या अवधीत, प्रकृतीवर ताण घेऊन संगीत रचले आणि ध्वनिमुद्रितही केले. क्युब्रिक यांनी ते वापरले नाही; संकलनाच्या काळात तात्पुरते लावलेले रिचर्ड श्ट्राउस, योहान श्ट्राउस आणि लिगेटी यांचेच संगीत कायम ठेवले. नॉर्थ यांना हे कळले ते चित्रपट पाहावयास बसल्यावर. आता, संगीत नाकारणे हा दिग्दर्शकाचा अधिकार आहे, आणि येथे तो योग्य प्रकारे वापरला गेला असे म्हणावे लागते. 'ब्लू डॅन्यूब'च्या तालावर फिरणारे अंतराळस्थानक दुसऱ्या कोणत्या संगीतावर फिरते अशी कल्पनाही आज करवत नाही. पण नाकारले हे न कळवणे कोणत्या सौंदर्यमूल्यासाठी आवश्यक होते? चार ओळींच्या पत्राने चित्रपटाची एक चौकटही बदलली नसती. नॉर्थ यांची ती रचना जेरी गोल्डस्मिथ यांनी १९९३ साली वाद्यवृंदाकरवी ध्वनिमुद्रित केली. तोवर नॉर्थ हयात नव्हते. द्यॉर्ज लिगेटी यांची कथा थोडी निराळी. त्यांच्या 'आव्हाँत्यूर' या रचनेत फेरफार करून ती वापरली गेली आणि श्रेयनामावलीत तिचा उल्लेखही नव्हता. त्यावरून वाद झाला. चित्रपटाविषयी मात्र पुढे त्यांनी आदराने बोलावे, हे त्यांचे औदार्य म्हणायचे की, कलेचा प्रभाव बाधित माणसालाही चुकत नाही याचा हा पुरावा मानायचा?

सत्तरीच्या दशकाच्या तोंडाशी पश्चिमेकडे 'लेखकाच्या मृत्यू'ची घोषणा झाली. रोलाँ बार्थ यांचा निबंध आणि हा चित्रपट जवळपास एकाच वेळचे. गंमत अशी की, साहित्यात लेखकाला बाजूला सारण्याची भाषा रूढ होत असतानाच चित्रपटात दिग्दर्शक हा एकमेव 'लेखक' म्हणून सिंहासनावर बसत होता. '२००१'च्या श्रेयनामावलीत विशेष छायाप्रभावांची संकल्पना व दिग्दर्शन क्युब्रिक यांच्या नावे आहे. वॉली व्हीव्हर्स, डग्लस ट्रम्बुल, कॉन पेडरसन आणि टॉम हॉवर्ड हे चौघे पर्यवेक्षक म्हणून येतात. १९६९ साली या प्रभावांसाठी ऑस्कर मिळाले ते एकट्या क्युब्रिक यांना, आणि त्यांच्या आयुष्यातले ते एकमेव ऑस्कर ठरले. ताऱ्यांच्या बोगद्यातील प्रकाशरेषांसाठी यंत्र उभारण्यात महिनोन् महिने घालवलेल्या ट्रम्बुल यांची खंत पुढे अनेक वर्षे ऐकू येत राहिली. कर्तृत्व एकाच नावात गोळा करणे ही समीक्षेची सोय आहे. त्या सोयीची किंमत कोणीतरी चुकवत असते, एवढे तिने विसरू नये.

आता पुन्हा हॅलकडे वळता येईल. हॅल खुनी का होतो, याचे उत्तर चित्रपट स्पष्टपणे देत नाही. क्लार्क यांच्या कादंबरीत ते सत्य सांगणे आणि हेतू लपवणे या दोन आज्ञांच्या संघर्षात शोधले आहे. चित्रपटात त्याचे म्हणणे एवढेच की, मोहीम इतकी महत्त्वाची आहे की ती माणसांमुळे धोक्यात येऊ देता येणार नाही. माणसाला केवळ साधन म्हणून वागवू नये, या कांटच्या दंडकाचा याहून सभ्य भाषेतला भंग क्वचितच सापडेल. 'श्रेष्ठ कलाकृतीसाठी एवढे चालायचेच' हे वाक्यही मोहिमेच्याच जातीचे आहे. त्याचा स्वर तसाच शांत आणि सौजन्यपूर्ण असतो, आणि ते बोलणाराही आपल्या हेतूविषयी निःशंक असतो. चित्रपटाने हॅलला खलपुरुष केले नाही, त्याच्या मरणाला करुणा बहाल केली. म्हणून या तर्काचे आकर्षण किती खोल आहे हे या चित्रपटाला जितके कळले आहे तितके त्याच्या निर्मात्यालाही कळले असेल असे वाटत नाही.

'डेझी बेल'चा एक पूर्वेतिहास आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६१ साली आयबीएम ७०४ या संगणकाकडून हे गाणे म्हणवून घेण्यात आले होते, आणि क्लार्क यांनी ते तेथे ऐकले होते. त्या वेळी यंत्र माणसासारखे गाण्याचा प्रयत्न करत होते; चित्रपटात माणूस यंत्रासारखा गातो. आज तिसरी अवस्था आली आहे. माणसाचा आवाज, चेहरा, उसासा हे सारे त्याच्या अनुपस्थितीत निर्माण करता येते. २०२३ साली अमेरिकेतील चित्रपटनटांच्या संघटनेने जो चार महिन्यांच्या घरातला संप केला, त्यात या प्रतिरूपांसाठी संमती आणि मोबदला ही एक प्रमुख मागणी होती. रेन यांच्या बाबतीत निदान एवढे निर्विवाद होते की, निवेदनासाठी बोलावलेल्या माणसाने समोर बसून, समजून, हॅल होण्यास होकार दिला होता; १९८४च्या उत्तरभागात तोच आवाज द्यायला ते पुन्हा आलेही.

'एलियन' (१९७९) या चित्रपटात इयन होम यांनी माणसाच्या रूपातील यंत्राची भूमिका केली होती. होम २०२० साली निवर्तले. २०२४च्या 'एलियन : रोम्युलस'मध्ये तशाच दुसऱ्या यंत्राला त्यांचा चेहरा देण्यात आला, प्रत्यक्ष अभिनय दुसऱ्या नटाचा, वर प्रतिमा होम यांची. कुटुंबीयांची संमती घेण्यात आली होती, म्हणजे कायद्याचे काही अडले नाही. पण संमती ही त्या विशिष्ट वाक्याला, त्या विशिष्ट मुद्रेला द्यायची असते, आणि नट ती प्रत्येक वेळी नव्याने देत असतो. मध्येच थांबून 'हे मी असे म्हणणार नाही' असे सांगण्याची मुभा तिच्यात गृहीत असते. वारसांना चेहरा मिळतो, ही मुभा मिळत नाही. पडद्यावर ते यंत्र कमरेपासून तुटलेले आहे, अर्धे विझलेले, आणि तरीही मोहिमेचे महत्त्व पटवून देत आहे.