ऐब झाकावा की दाखवावा?

काळा रंग ऐब झाकत नाही, असे गाड्या धुणारी माणसे सांगतात. पांढऱ्या गाडीवर वर्षभराचे ओरखडे असले तरी ते चटकन नजरेत भरत नाहीत. काळ्या किंवा गर्द निळ्या गाडीवर मात्र काही महिन्यांतच बारीक रेघांचे जाळे दिसू लागते. सावलीत गाडी आरशासारखी असते. उन्हात आणली की सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याने जाळे विणावे तशी वर्तुळे उमटतात.

गंमत अशी, की ती वर्तुळे नसतातच. रेघा सर्व दिशांना गेलेल्या असतात. त्यांतल्या प्रकाशाला आडव्या पडणाऱ्या तेवढ्याच चमकतात, म्हणून डोळ्याला गोल भासतात. आपण एक पाऊल सरकलो की वर्तुळेही आपल्याबरोबर सरकतात. आणि या रेघा येतात कुठून? बहुतेक वेळा रोजच्या पुसण्यातून. सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये धुळीवरून कोरडा फडका फिरतो, तोच फडका एका बादलीतल्या गढूळ पाण्यात बुडतो आणि पुन्हा फिरतो. धुळीतले कण रंगावर रेघा ओढत जातात. गाडी स्वच्छ ठेवण्याच्या हौसेनेच तिला ओरखडे पडतात.

हे ज्ञान आम्हांला पुस्तकातून मिळालेले नाही. पिंपरी-चिंचवडमध्ये उर्दू शाळेत शिकवायचे म्हणजे मोटारगाडीशी संबंध येतोच. 1998 साली बाजारात आलेली टाटांची इंडिका इथल्याच कारखान्यातून निघाली; शेजारी चाकणला 2009 साली फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला. आमच्या वर्गातल्या मुलांचे वडील कुणी पेंट शॉपमध्ये, कुणी भोसरीच्या वर्कशॉपात, तर कुणी 2025च्या फेब्रुवारीतली पाडापाडी होईपर्यंत कुदळवाडीच्या भंगार गोदामांत काम करणारे. आमच्या हाताखालून गेलेल्या एका मुलाने चिखलीच्या बाजूला रबिंग-पॉलिशचे छोटे दुकान टाकले आहे. रविवारी आम्ही कधी कधी तिथे चहाला थांबतो.

अशाच एका रविवारी त्याच्या दुकानात एक काळी गाडी उभी होती. जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करणाऱ्या एका व्यापाऱ्याने ती पाठवली होती. संध्याकाळी गिऱ्हाईक बघायला येणार होते. निरोप स्पष्ट होता : रेघा काढत बसू नकोस, भरून टाक, आठ दिवस चमक टिकली तरी पुरे.

भरणे आणि काढणे यांतला फरक त्यानेच आम्हांला समजावला. गाडीच्या पत्र्यावर गंज रोखणारा थर, प्रायमर, रंग आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट असे थर असतात. हा वरचा थर साधारण 40 ते 50 मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसाहूनही बहुधा पातळ. ऊन-पावसाचा मारा तोच सोसतो. रेघ खरोखर काढायची तर तिच्या भोवतालचा थर कंपाउंड आणि मशीनने घासून तिच्या तळापर्यंत खाली आणावा लागतो. म्हणजे रेघ जाते, पण तिच्याबरोबर थोडे कवचही जाते. असे किती वेळा करता येईल, याला मर्यादा आहे. एखादा कारागीर अधाशीपणे घासत बसला तर खालचा रंगच उघडा पडतो. दुसरा मार्ग सोपा. तेलकट ग्लेझ किंवा मेण रेघांत भरायचे. रेघ तिथेच राहते, फक्त दिसत नाही. चार वेळा गाडी धुतली, किंवा अल्कोहोल मिसळलेल्या पाण्याने पुसली, की ती पुन्हा वर येते.

"सर, हे काम करावे का?" त्याने विचारले.

आम्ही शिक्षक, उत्तर तयारच होते. मदिनेच्या बाजारात हुजूर सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांनी धान्याच्या ढिगात हात घातला तेव्हा बोटांना ओल लागली, हा प्रसंग आम्ही त्याला सांगितला. पावसाने भिजले, असे दुकानदार म्हणाला. मग ओले धान्य वर का ठेवले नाहीस, लोकांना दिसले असते, असे त्याला विचारण्यात आले. आणि फसवणाऱ्याशी आपले नाते नाही, असे बजावण्यात आले. फिकहमध्ये लपवलेला ऐब निघाला तर माल परत करण्याचा खरेदीदाराचा हक्क मानला आहे, तेही आम्ही सांगितले.

त्याने सारे ऐकून घेतले. मग म्हणाला, "पण सर, तुम्हीच शिकवले होते ना, जो दुसऱ्याचा ऐब झाकतो त्याचा ऐब कयामतच्या दिवशी अल्लाह झाकेल?"

आम्ही गप्प झालो. प्रश्न उर्मट नव्हता, अगदी सरळ होता. अल्लाहचे एक नाव सत्तार म्हणून आपण घेतो, म्हणजे झाकणारा. पर्दापोशीला आपण नेकी मानतो आणि शेजाऱ्याचे दोष चव्हाट्यावर मांडणाऱ्याला हलका समजतो. मग धान्याच्या ढिगाला वेगळा न्याय का?

घरी येईपर्यंत आम्ही यावरच विचार करत होतो. एक उत्तर असे, की माणूस वेगळा आणि माल वेगळा. पण ते पुरेसे वाटेना. मेणाची डबी तर एकच असते. स्वतःच्या गाडीला मेण लावणारा कुणाला फसवत नाही. उलट रेघा काढून झाल्यावर उरलेल्या थराला मेणाचा थोडा आधारच होतो. तेच मेण संध्याकाळी येणाऱ्या गिऱ्हाइकासाठी लावले की दगा होतो. म्हणजे दोष मेणात नाही. झाकल्यामुळे कुणाचे भले होते आणि नुकसान कुणाच्या पदरात पडते, एवढाच प्रश्न आहे. माणसाचा ऐब आपण झाकतो तेव्हा त्याची अब्रू वाचते, सुधारायला त्याला वाव राहतो आणि इतर कुणाची पदरमोड होत नाही. त्याच्या ऐबाने तिसऱ्याचे नुकसान होणार असेल, तर झाकणेही नेकी राहत नाही. गाडीचा ऐब झाकतो तेव्हा वाचतो तो विकणारा, आणि ओझे जाते घेणाऱ्याच्या डोक्यावर. कुणी म्हणेल, रेघांनी इंजिन थोडेच बंद पडते? खरे आहे. पण गाडीवर आधी तीन वेळा घासकाम झाले असेल आणि नव्या मालकाने रेघा दिसताच चौथ्यांदा घासायला दिली, तर रंग जाईल तो त्याचा. त्याने काय घ्यायचे, किती देऊन घ्यायचे, हे ठरवण्याचा हक्कच आपण त्याच्याकडून काढून घेतो.

इथे आम्हांला समाधान वाटायला हवे होते. वाटले नाही, कारण आम्हांला आमचीच एक तपासणी आठवली.

नोकरीच्या सुरुवातीची वर्षे होती. वर्गतपासणीला अधिकारी येणार होते. भिंती धुतल्या, तक्ते लावले. आणि ज्या चार मुलांना अडखळल्याशिवाय एक ओळ वाचता येत नव्हती, त्यांना आम्ही त्या दिवशी घरी राहायला सांगितले. सगळ्यांसमोर त्यांची फजिती नको, अशी आम्ही मनाची समजूत घातली. पर्दापोशी हाच शब्द तेव्हा आमच्या मनात होता. शेरा उत्तम मिळाला. मुलांना मात्र काहीच मिळाले नाही. वाचता येत नाही हे कुणाला दिसलेच नाही, तर शिकवणार कोण? आम्ही झाकला तो आमचा ऐब आणि किंमत मोजली त्यांनी.

त्या चौघांत हा दुकानवाला मुलगा होता.

त्याला ते आठवत असणारच. आमच्यासमोर, चहाचा कप हातात घेऊन, प्रामाणिकपणावरचा आमचा सगळा उपदेश त्याने ऐकला आणि तो दिवस काढला नाही. ऐब झाकणे म्हणजे काय, हे त्या दुकानात आम्ही त्याला शिकवत नव्हतो. तो आम्हांला शिकवत होता.

पुढच्या रविवारी आम्ही गेलो तेव्हा काळी गाडी नव्हती. त्याने व्यापाऱ्याला सांगितले होते, की रेघा काढून देतो, दोन दिवस लागतील. भरून देणार नाही. व्यापारी गाडी दुसरीकडे घेऊन गेला. महिन्याला चार-पाच गाड्या यायच्या, त्याही बंद झाल्या. "गेल्या तर गेल्या, सर," तो म्हणाला, पण हिशेबाच्या वहीकडे बघून म्हणाला. उपदेश आमचा होता आणि नुकसान त्याचे, हेही आम्ही विसरू नये.

त्या दिवशी आम्ही तपासणीचा विषय स्वतःहून काढला आणि माफी मागितली. तो हसला, "जाऊ द्या सर," म्हणाला आणि फडका धुवायला उठला. दोन बादल्या होत्या, एक साबणाच्या पाण्याची आणि एक फडका खळबळायची.

यंदाच्या तपासणीला आमचा वर्ग पूर्ण हजर होता. एक मुलगी तिसऱ्या ओळीवर अडखळली. अधिकारी थांबले, आम्हीही थांबलो. तिने ती ओळ पूर्ण केली. शेरा मध्यम मिळाला आहे.