ओट्याला धरून

ठाण्याच्या तलावपाळीवर, कल्याणच्या काळा तलावाकाठी आजी-आजोबांच्या फेऱ्या सुरू असतात. स्मृतिभ्रंश झालेले मात्र त्यांत क्वचितच दिसतात. पडतील या धास्तीनं आपणच त्यांना खुर्चीत बसवून ठेवतो. बसून बसून मांड्यांतली ताकद जाते, तोल ढळतो आणि नको तेच होतं.

फिनलंडमधला एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. फिजिओथेरपिस्टनं अल्झायमरच्या रुग्णांकडून घरीच, आठवड्यातून दोनदा, वर्षभर व्यायाम करून घेतला. नेहमीचीच देखभाल मिळालेल्या रुग्णांच्या तुलनेत त्यांचं पडणं निम्म्याहून कमी भरलं. म्हणजे डोंबिवलीतल्या बिनलिफ्टच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावरही हे जमण्यासारखं आहे. स्वयंपाकाच्या ओट्याला धरून टाचा उचलणं, खुर्चीतून उठणं-बसणं, आडवी पावलं टाकणं. शेजारी कुणीतरी हवंच. तोंडी सांगण्यापेक्षा करून दाखवा. एका वेळी एकच सूचना, रोज तीच वेळ, तोच क्रम. कालचं त्यांना आठवणार नाही. न आठवो! पाय तयार होतात, तेवढं पुरे.

आधी डॉक्टरांना विचारा, आणि मग आजी-आजोबांसमोर खुर्ची मांडून तुम्हीही उठा-बसा. तुमच्या गुडघ्यांनाही त्याची गरज आहेच.