नेमात न बसलेली किटली

हुबळीहून तारिहाळला जाताना कारखान्यांच्या शेडी लागतात. तिथंच गावात माझ्या थोरल्या बहिणीचं घर. दिवाळीच्या आधी अक्कानं जुनी ट्रंक उघडली, तेव्हा मी तिथं होते. सासूबाईंची ताटं, वाट्या, फुलपात्रं निघाली आणि तळाशी लुगड्यात गुंडाळलेली एक इंग्रजी किटली. बुडाला चार बारीक शिक्के. एकात पाऊल उचललेला सिंह.

हा सिंह म्हणजे इंग्लंडातल्या स्टर्लिंग चांदीची खूण. हजार भागांत 925 भाग चांदी, उरलेलं बहुधा तांबं. कारण निव्वळ चांदी मऊ, वापरात लगेच चेपते. बाकीचे शिक्के गावाचे, वर्षाचे, कारागिराचे. संग्राहक ते वाचतात आणि चांगल्या हाताच्या वस्तूला वजनाच्या कितीतरी वर मोल देतात. आपल्याकडं एकोणिसाव्या शतकात भुजच्या उमरसी मावजींनी केलेली नक्षीची भांडीही अशीच ‘ओ. एम. भुज’ या शिक्क्यावरून ओळखली जातात.

अक्काला यातलं काही नको होतं. तिनं तराजू मागवला. वीस वर्षांपूर्वी तिनं परिग्रहाचं परिमाण घेतलं होतं : घरात चांदी दोन किलोच्या वर नको. ताटं-वाट्यांतच माप भरत आलेलं. किटली ठेवली की नेम मोडणार.

“अक्का, हिला चांदी म्हणून कशाला धरतेस? ही कला आहे,” मी म्हटलं.

ती हसली. “मग सोनाराच्या काट्यावर ठेवली तर काटा हलायचा नाही होय ग?”

मी शास्त्रात शिरले. परिग्रहाचं मूळ वस्तूत नाही, मूर्च्छेत, म्हणजे आसक्तीत आहे, असं तत्त्वार्थसूत्रच सांगतं. मग मन गुंतलं नसेल तर एक किटली ठेवल्यानं काय बिघडतं? अक्का म्हणाली, “मन गुंतलं नसेल तर ठेवायची कशाला?”

माझ्याकडं एक उत्तर होतं आणि ते मला आजही खोटं वाटत नाही. कुणी जपलं नाही तर अशी भांडी मोडीत जातात. मुशीत वितळली की चांदी उरते, पण ज्यानं ती घडवली त्याचा हात कायमचा पुसला जातो. जपणं ही सुद्धा एक करुणाच. पण जपलं जावं असं वाटणं वेगळं आणि माझ्याच कपाटात जपलं जावं असं वाटणं वेगळं. मी पहिल्याचं नाव घेऊन दुसरं मागत होते. म्हणूनच आचार्यांनी मूर्च्छेवर बोट ठेवूनही गृहस्थाला मापाचा नेम सांगितला असावा. मूर्च्छा डोळ्यांना दिसत नाही, आणि आपण तिला कला म्हणतो, वारसा म्हणतो, आठवण म्हणतो. तराजू यातलं काहीच ऐकत नाही.

आपले मुनी उभ्यानं, ओंजळीत आहार घेतात. त्यांच्यापाशी भांडंच नसतं. आपल्याला तेवढं जमत नाही, म्हणून निदान माप.

अक्कानं किटली मोडीत घातली नाही. जुन्या वस्तू जपणाऱ्या एका माणसाला दिली आणि आलेले पैसे मुलांच्या वसतिगृहाला. हातही वाचला, नेमही.

देण्याआधी मी शिक्क्यांचा फोटो काढून घेतला होता. त्याला वजन नाही, अक्काच्या काट्यावर तो काही भरायचा नाही. पण महिन्यातून दोनदा मी तो उघडून बघते, आणि माझं माप कुठवर आलंय ते मला कळतं.