तुळशीला किती पाणी घालावे?

तुळशीला पाणी घालणे हे पूजेत मोडते की बागकामात, हा प्रश्न वरवर थट्टेचा वाटतो. वैदिक कर्मांचा अर्थ लावणाऱ्या पूर्वमीमांसेने मात्र याच धर्तीच्या प्रश्नांचा पुष्कळ खल केला आहे. तिथे काही कर्मे दृष्टार्थ, म्हणजे फळ डोळ्यांना दिसणारी. काही अदृष्टार्थ, म्हणजे फळ शास्त्राच्या शब्दावर मानायची. यज्ञासाठी साळ कांडतात ती तूस निघावे म्हणून. त्यामुळे तांदूळ मोकळा होईपर्यंत घाव घालत राहायचे. तेच कांडणे अदृष्टार्थ असते, तर एकदा केले की पुरे. दिसणारा हेतू हाती असताना न दिसणारा कल्पू नये, हा मीमांसकांचा दंडक. अर्थात तूस नखांनीही सोलता येते. ते कांडूनच काढावे या नियमातून अदृष्ट फळ उपजते, अशी पुस्तीही ते जोडतात.

हा निकष वृंदावनाला लावला, तर अदृष्टार्थ पाण्याचा एक तांब्या ओतला की कर्म संपले. माती ओली की कोरडी हे पाहायचे कारण नाही. दृष्टार्थ असेल, तर प्रमाण मातीच सांगणार.

जमिनीशी जोडलेल्या अंगणातल्या वृंदावनात हा पेच क्वचितच पडे, कारण जास्तीचे पाणी खाली मुरून जाई. गॅलरीतल्या कुंडीचे छिद्र बुजलेले असले की ते जाणार कुठे? मातीच्या कणांमधली हवेची जागा पाणी घेते, मुळांना प्राणवायू मिळत नाही, ती कुजू लागतात. पाने मलूल होतात आणि ती पाहून भाविक आणखी एक तांब्या ओततो! देशावरची काळी माती तर ओली झाली की चिकटून बसते, सुकली की भेगाळते. कुंडीत ती नुसती न भरता शेणखत आणि जाड वाळू मिसळावी लागते. बोटाच्या पेराइतकी खोल माती कोरडी लागली तर पाणी घालायचे. बुंध्याशी ओतलेले दूध आंबते, मुंग्या आणते. निर्माल्यही कुजवून खत झाल्यावरच कुंडीत जावे.

मंजिरीच्या बाबतीत पूजा आणि बागकाम जमून येतात: ती खुडून विष्णूला वाहिली की झाडाची शक्ती बी धरण्यात जात नाही. रविवारी आणि एकादशीला पाणी न घालण्याच्या प्रथेचे तसे नाही. त्या दिवशी तुळशीचाही उपवास, अशी श्रद्धा आहे. तिला ‘प्राचीन विज्ञान’ ठरवण्याची हौस अनेकांना असते. पण एकादशी शनिवारी आली, तर वैशाखात लहान कुंडी सलग दोन दिवस कोरडी राहील. ही प्रथा अदृष्टार्थच मानणे प्रामाणिकपणाचे. ती पाळायची, तर आदल्या दिवशी तळातून निथळेपर्यंत पाणी घालून वर वाळक्या पानांचा थर द्यावा आणि कुंडी दुपारच्या उन्हातून सरकवावी.